वाचकांचे प्रश्न : थ्रेड कर्नलचे की घरचे?

या वेळच्या टपालात चार पत्रं एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणारा कामाचा एकेक धागा आणि कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, एवढं ध्यानात ठेवून वाचा. पत्रं लांब होती, कामापुरता मजकूर ठेवला आहे.

प्रश्न : मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टमच्या नोट्समध्ये एक तक्ता आहे : युजर-लेव्हल थ्रेड वेगवान, कर्नल-लेव्हल थ्रेड संथ; युजर-लेव्हलमधला एक अडला की सगळे अडतात. तक्ता तोंडपाठ आहे. पण आपल्या लॅपटॉपवर यातले कोणते चालतात आणि खरं सॉफ्टवेअर लिहिताना कोणते निवडायचे, हे कुणी सांगत नाही. मॅडम, तुम्ही सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तक्ता खोटा नाही, जुना आहे. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असो, विंडोज असो की मॅक, सी किंवा सी++ मध्ये साधा थ्रेड तयार केलात की तो कर्नलचाच असतो, एकास एक, म्हणजे तुमच्या एका थ्रेडमागे कर्नलचा एक. त्यामुळे हा प्रश्न आज ऑपरेटिंग सिस्टमपाशी फारसा येत नाही, भाषा निवडताना येतो. गो घेतलीत तर एक उत्तर, सी++ घेतलीत तर दुसरं, आणि जावात आता दोन्ही.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून सातबाऱ्याचं उदाहरण देते. समजा सातबाऱ्यावर नाव एकट्या थोरल्याचं आहे आणि चार भावांनी आपापसात बांध घालून रान वाटून घेतलंय. बांध दोन हात इकडे-तिकडे करायचा तर तलाठ्याकडे जायला नको, फेरफार नको. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून ठरतं. युजर-लेव्हल थ्रेड ही अशी घरगुती वाटणी. तलाठी म्हणजे कर्नल, आणि त्याच्या दप्तरात खातेदार एकच. थोरल्याच्या नावावर बोजा चढला की चौघांचंही अडतं, मग धाकट्याचा त्यात काही संबंध असो वा नसो. कर्नल-लेव्हल थ्रेडमध्ये चौघांची नावं दप्तरी लागलेली असतात. दर बदलाला चावडीची पायरी चढावी लागते, पण एकाचं अडलं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही.

आता हेच यंत्राच्या भाषेत. घरच्या घरी थ्रेड बदलायचा तर प्रोसेसरची काही रजिस्टर (आतले छोटे कप्पे) बाजूला ठेवायची, दुसरी भरायची, संपलं, काम नॅनोसेकंदांतलं. कर्नलमार्फत बदलायचा तर साधारण एक-दोन मायक्रोसेकंद जातात, शिवाय कॅशमधला, म्हणजे प्रोसेसरजवळच्या साठ्यातला, माल थंड पडतो तो वेगळाच. पण कर्नलला घरातला एकच थ्रेड दिसत असेल तर तो प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालणार. त्याने डिस्ककडे काही मागितलं की तो झोपणार, आणि त्याच्या पोटातले सगळे झोपणार. मागायचीही गरज नसते. मेमरीचं एखादं पान स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, गेलेलं असलं, तरी ते परत येईपर्यंत कर्नल त्याला थांबवून ठेवतो आणि घरच्या शेड्यूलरला, म्हणजे कोणता थ्रेड कधी चालवायचा हे ठरवणाऱ्याला, याचा पत्ताही नसतो. तक्त्यातली 'एक अडला की सगळे अडतात' ही ओळ आज अनुभवायची असेल तर पायथनमध्ये एसिंक-आयओचा (त्यातले टास्क घरच्या थ्रेडांसारखेच असतात) छोटा प्रोग्रॅम लिहा आणि एका टास्कमध्ये साधं टाइम-स्लीप घाला. बाकीचे सगळे टास्क गप्प बसतील.

तक्त्यात एकच गोष्ट सांगायची राहिली आहे : मधला मार्ग. घरचे हजारो थ्रेड थोड्याशा कर्नल थ्रेडांवर फिरवत ठेवायचे, अनेकांस अनेक. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे सन कंपनीची सोलारिस यंत्रं होती आणि त्यांत नेमकी हीच रचना होती. कागदावर देखणी. प्रत्यक्षात दोन शेड्यूलर, एक लायब्ररीतला आणि एक कर्नलमधला, एकमेकांना न विचारता निर्णय घेत. थ्रेड तयार आहे, कोअर रिकामा आहे, तरी काम हलत नाही, असं दिसायचं आणि कारण कुठल्या थरात शोधायचं तेच कळायचं नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९१ मध्ये यावर 'शेड्यूलर ॲक्टिव्हेशन' नावाचा तोडगा मांडला होता : थ्रेड अडला की कर्नलने वरच्या लायब्ररीला तसं कळवायचं. कल्पना चांगली, पण अंमलात आणताना दोन्हीकडचा कोड किचकट होत गेला. सोलारिसने २००२ मध्ये नवव्या आवृत्तीत सरळ एकास एक पद्धत धरली. लिनक्समध्ये त्याच सुमारास दोन प्रस्ताव समोरासमोर आले, आयबीएमच्या मंडळींचा अनेकांस अनेकचा आणि उलरिख ड्रेपर व इंगो मोलनार यांचा एकास एकचा. दुसरा जिंकला. एक लाख थ्रेड सुरू करून संपवायला पूर्वी १५ मिनिटं लागत तिथे २ सेकंद लागले, अशी चाचणी त्यांनी दाखवली. कर्नल थ्रेड एवढा स्वस्त झाल्यावर घरच्या वाटणीचा आग्रह कोण धरणार? फ्रीबीएसडीनेही २००८ च्या ७.० आवृत्तीत तोच रस्ता पकडला.

मग गो भाषेत तीच अनेकांस अनेक पद्धत यशस्वी कशी झाली? माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. सी लायब्ररीला प्रोग्रॅमरने कधी, कुठला सिस्टम कॉल (कर्नलकडे मागणी) केला हे नेहमी कळेलच अशी सोय नव्हती. गोच्या रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या भाषेच्या यंत्रणेला, असते, कारण नेटवर्कचं वाचन-लेखन त्याच्याच हातून जातं. गोरूटीनने (गोच्या घरच्या थ्रेडने) सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीतून, वाचायला घेतलं आणि डेटा आलेला नसला, तर रनटाइम तिला बाजूला ठेवतो, लिनक्सच्या ई-पोलला 'आला की सांग' म्हणतो आणि त्याच कर्नल थ्रेडवर दुसरी गोरूटीन चढवतो. फाइल वाचण्यासारखा खरोखर अडवणारा कॉल असेल, तर त्या कर्नल थ्रेडला तिथेच सोडून बाकीच्यांसाठी दुसरा कर्नल थ्रेड घेतो. शिवाय गोरूटीनचा स्टॅक, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, २ किलोबाइटपासून सुरू होतो आणि लागेल तसा मोठ्या जागी उचलून नेता येतो. कुठला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कुठे आहे हे सी लायब्ररीला कळत नाही, गोला कळतं.

परीक्षेत तक्ता लिहाच, गुण तिथेच आहेत. पण घरी एक करून बघा. जावा २१ किंवा पुढची आवृत्ती घ्या, दहा हजार व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे घरचे थ्रेड) तयार करून त्यांना मिनिटभर झोपवा. मग, लिनक्स असेल तर, दुसऱ्या टर्मिनलवर प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या नंबराखालची स्टेटस फाइल उघडा. 'थ्रेड्स' अशी ओळ असते, तिथे काही डझनांचा आकडा दिसेल. तोच प्रोग्रॅम साध्या थ्रेडांनी चालवा, आकडा दहा हजारांच्या वर जाईल, किंवा तुमच्या खात्याची मर्यादा लागून प्रोग्रॅम मध्येच तक्रार करेल. तशी तक्रार आली तर हजारावर करा, फरक तेवढाच स्पष्ट दिसतो.

प्रश्न : लिनक्सवर प्रत्येक थ्रेडला ८ मेगाबाइट स्टॅक मिळतो असं वाचलं. म्हणजे हजार थ्रेडांना ८ जीबी. माझ्या सर्व्हरवर एकूण ४ जीबी आहे आणि तरीही त्यावर हजार थ्रेड चालताना दिसतात. हे कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते ८ मेगाबाइट म्हणजे पत्त्यांची राखून ठेवलेली जागा, खरी मेमरी नव्हे. खरी मेमरी ४-४ किलोबाइटच्या पानांनी मिळते, तीही थ्रेडने त्या पानाला हात लावला तरच. टॉप ही आज्ञा चालवून 'व्हर्ट' (राखलेली जागा) आणि 'रेस' (खरी मेमरी) हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. पहिला फुगलेला, दुसरा माफक. कर्नल स्वतःच्या बाजूने दर थ्रेडमागे स्टॅक ठेवतो तो ६४ बिटच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर १६ किलोबाइटचा, म्हणजे हजारांचे १६ मेगाबाइट. ३२ बिटच्या काळात मात्र ही भीती रास्त होती. तेव्हा प्रोसेसला मिळायचीच ३ जीबी पत्त्यांची जागा, आणि ८ च्या हिशेबाने ३८४ थ्रेडांतच ती भरून जायची. 'थ्रेड जपून वापरा' हा सल्ला त्या काळातून आलेला आहे आणि अजून इंटरव्ह्यूत फिरतो.

प्रश्न : पुण्यात एका छोट्या फिनटेक कंपनीत आहे. आमची सेवा जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३.२ वर आहे. सेकंदाला साधारण १५० रिक्वेस्ट येतात. प्रत्येकीत आमच्या डेटाबेसचं काम २० मिलिसेकंदांचं, पण ओळख पडताळणीसाठी बाहेरच्या एका सेवेला विचारावं लागतं, तिला दोन सेकंद लागतात. वाईट दिवशी तीस. गर्दीच्या वेळी आमची सेवा गुदमरते, सीपीयू मात्र १५ टक्क्यांवर असतो. टीममधले एक जण म्हणतात व्हर्च्युअल थ्रेड चालू करा, एका ओळीचं काम आहे. दुसरे म्हणतात असले प्रकार नकोत, कर्नलचे थ्रेड विश्वासाचे. काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत 'सर्व्हर स्लो आहे' एवढंच असतं.

आधी गुणाकार करू. सेकंदाला १५० येणार, प्रत्येक दोन सेकंद थांबणार, म्हणजे कुठल्याही क्षणी आत ३०० जण असणार. याला लिटलचा नियम म्हणतात. स्प्रिंग बूटमधला वेब सर्व्हर टॉमकॅट मुळात २०० थ्रेड देतो. तुमच्याकडून कुणी तो आकडा बदलला नसेल, तर सेकंदाला १०० च जण बाहेर पडणार, दर सेकंदाला ५० नवे दाराबाहेर साचणार, आणि रांग वाढतच जाणार. गर्दीच्या वेळी जेस्टॅक या जावाच्या साधनाने थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे आहे याची यादी, काढा. एचटीटीपी-निओ-८०८०-एक्झेक अशा नावाचे थ्रेड ओळीने दिसतील आणि जवळपास प्रत्येकाच्या स्टॅकच्या माथ्यावर सॉकेट वाचनाची तीच ती ओळ असेल. दोनशे जण एकाच खिडकीकडे डोळे लावून बसलेत, म्हणून सीपीयू १५ टक्के.

आता वादाचं. ३०० हा आकडा कर्नल थ्रेडांसाठी काहीच नाही. टॉमकॅटची मर्यादा ४०० करा, रोजची अडचण आज दुपारीच मिटेल. दर थ्रेडमागे जावा १ मेगाबाइट स्टॅक राखते, तोही वर सांगितल्याप्रमाणे वापरला तरच खर्च होतो. थ्रेड बदलायला मायक्रोसेकंद लागतो म्हणून व्हर्च्युअल थ्रेड घ्या, हा युक्तिवाद इथे अगदीच पोकळ आहे. जिथे दोन सेकंद थांबायचंच आहे तिथे एक मायक्रोसेकंद वाचवून कुणाचं काय होणार?

वाईट दिवसाचा हिशेब मात्र वेगळा. १५० गुणिले ३०, म्हणजे ४५०० जण आत. एवढे कर्नल थ्रेडही लिनक्स चालवेल, पण डोक्याला ताप होईल. इथे व्हर्च्युअल थ्रेडांची बाजू खरी. त्यांच्यात थांबणं जवळजवळ फुकट असतं. थांबलेल्या व्हर्च्युअल थ्रेडचा स्टॅक साध्या हीपमध्ये (प्रोग्रॅमच्या सामायिक मेमरीत) जाऊन पडतो आणि त्याच्याखालचा कर्नल थ्रेड दुसऱ्याच्या कामाला लागतो. पण त्याआधी मला विचारायचंय की तीस सेकंद थांबताच कशाला? समोरचा ग्राहक मोबाइल हातात धरून तीस सेकंद बसत नाही, तो पुन्हा बटण दाबतो. मग १५० चे ३०० होतात. टाइमआउट पाच सेकंदांवर आणा, आत जास्तीत जास्त ७५० जण राहतील, उरलेल्यांना 'पडताळणी चालू आहे, थोड्या वेळात कळवू' असं उत्तर द्या आणि ते काम मागे रांगेत टाका. थ्रेड कुठलेही असोत, हे करावंच लागेल.

हे झाल्यावर व्हर्च्युअल थ्रेड चालू करायला माझी हरकत नाही, उलट मी करेन. फक्त तीन गोष्टी आधी तपासून घ्या.

पहिली, डेटाबेस. स्प्रिंगबरोबर येणारा हिकारी पूल डेटाबेसची मुळात १० कनेक्शन देतो. २० मिलिसेकंदांच्या कामाला १५० च्या वेगाने एका वेळी तीनच लागतात, तेव्हा दहा भरपूर. पण कुणी उत्साहाने ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसच्या एकसंध कामाच्या) आतच बाहेरच्या सेवेला हाक मारली असेल, तर प्रत्येक कनेक्शन दोन सेकंद अडकतं आणि सेकंदाला पाचच रिक्वेस्ट बाहेर पडतात. वरच्या दहा हजार व्हर्च्युअल थ्रेडांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. कोड उघडा आणि ट्रान्झॅक्शनची सीमा कुठे सुरू होते, कुठे संपते ते वाचा.

दुसरी, बाहेरची सेवा. आजवर टॉमकॅटच्या २०० च्या मर्यादेने नकळत तिचं रक्षण केलं. ती मर्यादा उठली की तुम्ही तिच्यावर एकदम हजार कॉल टाकाल, आणि तिकडून तुम्हालाच दार बंद होईल. त्या कॉलभोवती सेमाफोर लावा, करारात जेवढे समांतर कॉल बसतात तेवढ्याच परवान्यांचा. व्हर्च्युअल थ्रेडांचा पूल करून मर्यादा घालू नका. ते एका कामासाठी जन्माला घालायचे आणि सोडून द्यायचे असतात.

तिसरी तुमच्या आवृत्तीची, आणि सगळ्यात चावणारी. जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या कोडच्या) आत व्हर्च्युअल थ्रेड अडला, तर तो खालच्या कर्नल थ्रेडलाही धरून ठेवतो. खाली कर्नल थ्रेड कोअरच्या संख्येइतकेच. चार कोअरच्या यंत्रावर असे चौघे अडकले की सगळी सेवा ठप्प, म्हणजे सांगलीच्या पत्रातली तक्त्याची ओळ पुन्हा खरी! तुमच्या कोडमध्ये हे नसेलही, पण एखाद्या जुन्या ड्रायव्हरमध्ये किंवा लायब्ररीत असतं. जावा २४ मध्ये, मार्च २०२५ ला, हे दुखणं बरंचसं दूर केलं गेलं. नेटिव्ह कोडमध्ये, म्हणजे सीसारख्या जावाबाहेरच्या कोडमध्ये, शिरलेला थ्रेड मात्र अजूनही खालच्याला धरूनच ठेवतो. दीर्घकाळ आधार असलेली आवृत्तीच हवी असेल तर जावा २५ वर जा, मगच ती एक ओळ लिहा. आणि ऑपरेशन्सवाल्यांना आधीच सांगून ठेवा की जेस्टॅकला व्हर्च्युअल थ्रेड दिसत नाहीत. त्यासाठी जेसीएमडीमध्ये थ्रेड फाइलमध्ये उतरवण्याची वेगळी आज्ञा आहे. रात्री दोन वाजता हे शोधत बसण्यात मजा नाही.

तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांच्या 'असले प्रकार नकोत' यामागेही इतिहास आहे. जावाने सुरुवातीला ग्रीन थ्रेड म्हणून युजर-लेव्हल थ्रेडच दिले होते, सगळे मिळून एका कर्नल थ्रेडवर, आणि १.३ आवृत्तीपर्यंत ते सोडूनही दिले. त्या आठवणीने बिचकणं समजू शकते. पण तेव्हा खाली एक होता, आता खाली जितके कोअर तितके आहेत, आणि जावाची नेटवर्क लायब्ररी त्यासाठी आतून नव्याने लिहिली आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही काही मित्र जुनी मराठी मासिकं स्कॅन करून टेसरॅक्टने त्यांचा मजकूर काढतो आहोत. नातवाने गो भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला, प्रत्येक पानाला एक गोरूटीन. ५०० पानं एकदम टाकली की ८ कोअरचं यंत्र रडकुंडीला येतं आणि वेळ तेवढाच लागतो, कधी जास्तच. गोरूटीन हलक्या असतात ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, काम फार मोलाचं चाललंय. नातवाचंही फारसं चुकलेलं नाही, गोरूटीन हलकीच असते. पण हलकी असते ती थांबताना. तुमची पानं कुणाची वाट बघत नाहीत, अक्षरं ओळखत कोअर तापवत असतात. कोअर आठ, म्हणजे एका क्षणी आठच पानं पुढे सरकणार, बाकीची ४९२ नुसती मेमरी अडवून बसणार.

शिवाय दोन छुप्या गोष्टी आहेत. टेसरॅक्ट सी++ मध्ये लिहिलेलं आहे. त्याला गोमधून थेट लायब्ररी म्हणून बोलावलं की तो कॉल संपेपर्यंत ती गोरूटीन एक पूर्ण कर्नल थ्रेड धरून बसते. आतल्या सी कोडवर गोच्या रनटाइमची सत्ता चालत नाही. म्हणजे तुमच्या ५०० घरच्या थ्रेडांचे ५०० दप्तरी थ्रेड झाले. नातवाला टॉप चालवून कॅपिटल एच दाबायला सांगा, मोजता येतील. दुसरी गोष्ट, टेसरॅक्ट चौथ्या आवृत्तीपासून स्वतःही ओपन-एमपी ही समांतर कामाची सोय वापरून एका पानासाठी चार थ्रेड लावतं. एकटं पान असेल तर ठीक, पण आठ पानं एकदम चालू असली तर आठ कोअरवर बत्तीस जण भांडतात.

म्हणून एन्व्हायर्नमेंटमधला 'ओएमपी अंडरस्कोअर थ्रेड अंडरस्कोअर लिमिट' हा व्हेरिएबल १ करा. आठच गोरूटीन ठेवा, त्या एका चॅनेलमधून (गोमधल्या रांगेतून) एकेक पान उचलतील. आणि टेसरॅक्टला लायब्ररी म्हणून न बोलावता दर पानासाठी वेगळी प्रोसेस म्हणून चालवा. अक्षरं ओळखण्याचं मॉडेल दर वेळी नव्याने वाचावं लागेल, थोडा वेळ जाईल, पण वाळवी लागलेल्या एखाद्या पानावर टेसरॅक्ट कोसळलं तर तेवढं पान जाईल, रात्रभराचं काम जाणार नाही. स्कॅन बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवले असतील तर ती डिस्कच मागे पडू शकते, म्हणून आठाऐवजी सहावरही एकदा चालवून बघा.